आधी आण्णांचे कान दाखवले

आई गेल्यावर आण्णा गप्प गप्प झाले. विचारावं एक, तर उत्तर भलतंच. आम्ही घरातल्यांनी ठरवूनच टाकलं, वय ७४, आता विसरायला लागले. शेवटी कान तपासायला नेलं. एका कानात मळाचा खडा, आणि दोन्ही कानांनी ऐकू कमी. जे ऐकूच आलं नाही, ते लक्षात तरी कसं राहणार? ते वर्ष वाया गेल्याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून घरात वयस्कर माणूस असेल, तर बदाम-अक्रोड आणायच्या आधी कान दाखवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण ज्यांवर उपाय करता येतो अशी १४ कारणं दिली आहेत. कमी ऐकू येणं हे त्यातल्या मोठ्या कारणांपैकी एक. रक्तदाब, साखर, अधू नजर हीसुद्धा त्याच यादीत. आमचं घर माळकरी, मांस-मच्छी नाही, म्हणून बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घेतलं.

कानाचं मशीन आणलं की पहिले पंधरा दिवस जपायचे. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर एकदम अंगावर येते आणि मशीन परत डबीत जातं. आम्ही सकाळच्या चहाला, घर शांत असताना, अर्धा तास लावायचो. मग तास, मग दोन. टीव्ही बंद. समोर बसून, आपलं तोंड त्यांना दिसेल असं, सावकाश बोलायचं. ओरडू नका, ओरडलं की शब्द आणखी अस्पष्ट होतात.

आण्णा एसटीत कंडक्टर होते. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड... पंढरपूरपर्यंतचे थांबे आजही ओळीने सांगतात. पण जुनं आठवण्यावर भागत नाही, मेंदूला रोज काहीतरी नवं लागतं. आपण मात्र मायेपोटी एकेक काम त्यांच्या हातातून काढून घेतो. मी दूध, गॅस, वीजबिलाचा हिशेब त्यांच्याकडे दिला. सुरुवातीला चुकले. मी वही ओढून घेतली नाही, ‘आण्णा, बेरीज परत एकदा बघता का?’ एवढंच म्हणायचे. गेल्या महिन्यात दूधवाल्याने दोन दिवसांचं जास्त लावलेलं त्यांनीच पकडलं.

सोमवारी आणि गुरुवारी भजनी मंडळ. आठवड्याला एक नवा अभंग पाठ करायचा, हातात टाळ, पायात पावली. कान, हात, पाय, आठवण सगळी एकदम कामाला लागतात, आणि चार माणसांत बसणं होतं ते वेगळंच. तुमच्याकडे भजन नसेल तर पत्ते, शिवण, पेटी, काहीही चालेल; फक्त नवं असावं आणि कुणाच्या तरी सोबतीनं असावं.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. वेग इतका, की बोलता यावं पण अभंग गाता येऊ नये. खाण्याचं फार सांगत नाही. लोणचं-पापड कमी, पालेभाजी आणि कडधान्य रोज. तंबाखूची चंची सुटायला चार महिने लागले. रागावून काही उपयोग झाला नाही, नातवाने विनवल्यावर सुटली.

झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. आणि माणूस एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलायला लागला, तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.