सायकलचा हातपंप घेताना खोक्यावरचा पीएसआय बघू नका

खोक्यावर १२० पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) छापलंय म्हणजे तेवढं पंपाला झेपतं, तुमच्या दंडाला झेपेलच असं नाही.

आधी टायरच्या कडेवर छापलेला दाब वाचा आणि व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघा. मोटरसायकलसारखा जाडा तो श्रेडर, बारीक आणि टोकाला छोटा नट असलेला तो प्रेस्टा. साध्या जुन्या सायकलींवरचा डनलप, त्याला बहुतेक पंपाचं प्रेस्टासाठीचंच तोंड चालतं. झालं.

आता बॅरल, म्हणजे पंपाची नळी. जाड बॅरलने एका स्ट्रोकला हवा जास्त जाते म्हणून सगळे तेच घ्यायला सांगतात. एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या जाड टायरला २५-३५ पीएसआयच लागतं, तिथे ते बरोबरच आहे. पण बारीक टायरच्या रोड बाइकला ८७ पीएसआय म्हणजे ६ बार भरायचं असेल तर हिशोब करून बघा, बॅरलचा आतला व्यास २० मिमी असला तर शेवटी साधारण १९ किलोचा जोर लागतो, ३० मिमी असला तर थेट ४३! रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून ४३ किलो ढकलून दाखवा. बारीक बॅरलला स्ट्रोक दुपटीने पडतात, पडू देत.

आणि आता मी जिथे माती खाल्ली ते. पाइप कशाला हवाय म्हणून मी थेट व्हॉल्व्हवर बसणारा छोटा पंप घेतला होता. हात दमला की पंप डुगडुगतो, पंपाबरोबर व्हॉल्व्हही, आणि प्रेस्टाची पिन केवढीशी, ती वाकली, सरळ करायला गेलो तर तुटून चिमटीतच आली. दुसरी ट्यूब टाकली तर तिचा व्हॉल्व्ह बुडाशी फाटला, तिथे पॅचही बसत नाही, मग काय, सायकल ढकलत घरी. "दुसऱ्या हाताने घट्ट धरायचं" हा सल्ला मला देऊ नका, शंभर स्ट्रोकनंतर कुणाचा हात स्थिर राहतो? वीतभर रबरी पाइप असलेलाच पंप घ्या.

पाइपातही एक गोम आहे. तोंड आट्यांचं असेल तर काढताना कधीकधी प्रेस्टाचा कोअरच (व्हॉल्व्हचा आतला भाग) त्याच्यासोबत फिरून बाहेर येतो आणि फुस्स, सगळी मेहनत हवेत. व्हॉल्व्हच्या टोकाजवळ दोन सपाट बाजू दिसल्या तर तो कोअर सुटणारा आहे, पक्कडीने हलक्या हाताने आधीच आवळून ठेवा. किंवा हवा सोडायचं बटण असलेला पाइप बघा, दाब सोडला की तोंड सहज निघतं.

दाब दाखवणारा गेज असला तर ठीक, नसला तरी अडत नाही. खिशात मावतो म्हणून बोटभर पंप मात्र नको.

आणल्याच दिवशी टायर पूर्ण रिकामा करून त्याच पंपाने भरा, स्ट्रोक मोजत. तीनशेच्या पुढे जाऊनही टायर अंगठ्याने दबत असेल तर परत करा, तोवर बिल जपून ठेवा.