आतड्याचं ऑर्गनॉइड आणि रोटाव्हायरस: बेळगावात प्रयोग उभा करताना

ऑर्गनॉइड म्हणजे मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला, आतड्यासारखा इवलासा पोकळ गोळा. मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलीच्या थेंबात वाढलेल्या अशा गोळ्याची अन्नाकडची बाजू आत बंद असते. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस नेमका त्याच बाजूने पेशीत शिरायला बघतो. म्हणून मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, विषाणू नुसता ओतला तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही आणि दोष उगाच विषाणूच्या माथी मारला जातो. कोणती बाजू उघडी ठेवायची, हे आधी ठरवा.

एवढा खटाटोप कशाला? रोटाव्हायरस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींतही वाढतो, पण जुलाब होतात ते आतड्याच्या परिपक्व पेशी बिघडल्याने, आणि तशा पेशी ऑर्गनॉइडमधून मिळतात. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातल्या मूळपेशींपासून ऑर्गनॉइड वाढवलं. माणसाच्या पेशींचंही नंतर साधलं.

सुरुवात संमतीपत्रापासून. नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय बायॉप्सीला (तपासणीसाठी काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांना) हात लावू नका. खानापूर-निपाणीकडचा रुग्ण मराठी वाचतो, बैलहोंगल-गोकाककडचा कन्नड. पत्र दोन्ही भाषांत हवं. पेशी गोठवून पुढे कित्येक वर्षं वापरल्या जातील, हे त्यात स्पष्ट लिहा. एंडोस्कोपीत घेतलेले लहान आतड्याचे दोन-तीन तुकडे थंड मीडियममध्ये, बर्फावर आणा आणि त्याच दिवशी कामाला घ्या. तुकडे गोठू द्यायचे नाहीत.

तुकडे थंड बफरने धुऊन २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए या पेशींचे जोड सैल करणाऱ्या रसायनात बर्फावर अर्धा तास हलवत ठेवा, मग जोराने झटका. क्रिप्ट, म्हणजे अस्तरातल्या मूळपेशी असलेल्या इवल्या खळग्या, सुटतात. ७० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, २०० जी वेगाने पाच मिनिटं फिरवा आणि गोळा झालेल्या क्रिप्ट मॅट्रिजेलमध्ये मिसळून २४ खणांच्या प्लेटमध्ये खणाला ५० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा. ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत थेंब घट्ट होतो. वर ५०० मायक्रोलिटर मीडियम: विंट, आर-स्पाँडिन, नॉगिन आणि ईजीएफ ही मूळपेशींची वाढ चालू ठेवणारी प्रथिनं असलेलं. पहिले दोन दिवस वाय-२७६३२ हे औषध १० मायक्रोमोलर घाला, नाहीतर सुट्या झालेल्या पेशी मरतात. दर दोन-तीन दिवसांनी मीडियम बदला. सात ते दहा दिवसांत विभागणी करावी लागते. एका थेंबाचे तीन पुरेसे.

सगळ्यात जास्त नासाडी मॅट्रिजेलमध्येच होते. ते आदल्या रात्री फ्रिजमध्ये बर्फावर वितळत ठेवा, पिपेटची टोकंही उणे २० अंशांत थंड करा आणि प्लेट मात्र आधीपासून ३७ अंशांवर गरम असू द्या. हे उलटं झालं की थेंब पसरतो किंवा गुठळ्या होतात. एप्रिल-मेमध्ये मागवलेलं पार्सल आलं की आधी आत कोरडा बर्फ शिल्लक आहे का ते बघा. पावसाळ्यात इथली हवा ओली आणि बुरशी सगळीकडे. कल्चरच्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके ठेवू नका, इनक्यूबेटरच्या तळातलं निर्जंतुक पाणी आठवड्याला बदला. मायकोप्लाझ्मा या कल्चरमध्ये न दिसता शिरणाऱ्या जिवाणूची तपासणीही चुकवू नका. इनक्यूबेटरला यूपीएस हवाच, आणि प्रत्येक दात्याच्या काही कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असू द्या.

आता उघडा थर, म्हणजे अन्नाकडची बाजू वर उघडी राहील असा पेशींचा सपाट थर. ९६ खणांच्या प्लेटला कोलॅजन-४ या पेशींना चिकटायला आधार देणाऱ्या प्रथिनाचा लेप द्या. ऑर्गनॉइड ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएने (ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर) पाच मिनिटं सुटे करा, सीरमने ट्रिप्सिन थांबवा, ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि खणाला सुमारे एक लाख पेशी टाका. पहिला दिवस वाय-२७६३२ सह; मग विंट नसलेलं मीडियम चार-पाच दिवस, म्हणजे पेशी परिपक्व होतात. घाई करू नका, कारण रोटाव्हायरसला परिपक्व पेशीच हव्या असतात.

संसर्ग जैवसुरक्षा पातळी २ च्या कॅबिनेटमध्येच. विषाणू १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ट्रिप्सिनमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला की त्याचं व्हीपी४ प्रथिन तुटतं आणि तो सक्रिय होतो. सीरम ट्रिप्सिनला अडवतं, म्हणून थर सीरमविरहित मीडियमने दोनदा धुवा. ट्रिप्सिन जास्त उरलं तर थरच सुटून येतो. विषाणू पातळ करूनच घाला. एक-दोन तासांनी तीनदा धुवा आणि लगेच काही खणांतला नमुना काढून गोठवा. हा शून्य तासाचा नमुना नसेल, तर २४ तासांनी आरटी-पीसीआरमध्ये दिसणारा आरएनए नवा की चिकटून राहिलेला, हे सांगताच येत नाही. अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला विषाणूही शेजारच्या खणात हवा. सोबत विषाणूच्या व्हीपी६ प्रथिनाला रंगवून किती पेशींना संसर्ग झाला ते मोजा.

उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसलाही हाच थर चालतो. विषाणूतज्ज्ञ मेरी एस्टेस यांच्या अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या गटाने २०१६ मध्ये तो असाच वाढवला. मात्र त्याच्या काही जातींना मीडियममध्ये पित्त लागतं.

एका दात्यावरून निष्कर्ष काढणं मला अजिबात मान्य नाही. ज्यांच्यात एफयूटी२ हे आतड्याच्या पेशींवर विशिष्ट शर्करा बसवायला लागणारं जनुक निष्क्रिय असतं, त्यांच्यात काही रोटाव्हायरसांचा संसर्ग कमी आढळतो. किमान तीन दाते घ्या, प्रत्येकाचं एफयूटी२ तपासा आणि निकाल दात्यागणिक वेगळे मांडा. सरासरीत हा फरक बुडून जातो.