अर्धशिशी, संकष्टी आणि कालनिर्णयवरच्या फुल्या

दर संकष्टीला संध्याकाळी पाचच्या सुमारास माझं उजवं कानशील ठणकायला लागायचं. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, तोवर उजेडही सोसवायचा नाही. आई म्हणायची, पित्त आहे. डॉक्टरांनी अर्धशिशी सांगितली आणि एक काम दिलं: डोकं दुखेल त्या दिवशी कालनिर्णयवर फुली मारायची, शेजारी जेवणाच्या, चहाच्या, झोपेच्या वेळा लिहायच्या.

तीन महिन्यांत कळलं, फुल्या फक्त संकष्टीला नव्हत्या. ऑफिसात डबा तीनला उघडला त्या दिवशीही होत्या. आणि रविवारी! उशिरा उठल्यामुळे चहा दहावर जायचा. रोजचं कॅफिन चुकलं तरी डोकं दुखतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता उठल्यावर तासाभरात खाते, चार तासांहून जास्त पोट रिकामं ठेवत नाही. चहा दोनच कप, सुट्टीलाही ठरल्या वेळी. संकष्टी सोडलेली नाही. सकाळी राजगिऱ्याची भाकरी नि दही, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मध्ये ताक. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच, मला तो पुरत नाही. चॉकलेट बंद करून पाहिलं, काही फरक पडला नाही, पुन्हा सुरू केलं.

महिन्याला सहा-सात फुल्या असायच्या, आता एखाद-दुसरी. गोळी पर्समध्ये असतेच, पण महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामक घेतलं तर त्यानेच डोकेदुखी वाढू शकते. डोकं अचानक असह्य दुखलं, जीभ अडखळली किंवा हात बधिर झाला, तर मात्र खाण्यापिण्याचे प्रयोग नकोत, तडक दवाखाना गाठा.