खारवट रान झाडांवर सोपवताय? या चुका टाळा

जळगावच्या यावल-रावेरकडे खारामुळे केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या की हल्ली कुणीतरी सांगतंच, "त्या कोपऱ्यात खार ओढणारी झाडं लावा." सल्ला खोटा नाही. घोडं अडतं ते हिशोबात.

तमिळनाडूतल्या एका प्रयोगात सुएडा या झाडाने चार महिन्यांत हेक्टरी ५०४ किलो मीठ ओढलं, सेसुव्हियमने ४७४. ऐकायला भरपूर वाटतं. आता तुमच्या बोअरच्या पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) २ असेल, तर लिटरमागे साधारण १.२८ ग्रॅम क्षार आले. हेक्टरला १०० मिलिमीटर पाणी दिलं की झाले १,२८० किलो, आणि भर उन्हाळ्यात केळी एवढं पाणी दोन-तीन आठवड्यांत पिते. म्हणजे झाड वाटीने उपसतंय आणि आपण बादलीने ओततोय. आधी पाणी तपासा, निचऱ्याचे बुजलेले चर मोकळे करा. नाल्यातून सांडपाणी शिरत असेल तर ते अडवल्याशिवाय रोपांवर पैसा घालू नका.

दुसरी चूक मी स्वतः केली. हिरवळीच्या खतासाठी धैंचा गाडायची सवय, म्हणून ही खार ओढणारी झाडंही गाडली. मीठ होतं तिथेच राहिलं. पुढच्या खेपेला कापून बांधावर पेटवलं, तर पहिल्या पावसात राख वाहून परत रानात! पूर्वी पापडात पडणारा सज्जीखार अशाच झाडांच्या राखेतून काढत, हे पापड खाताना तरी सुचायला हवं होतं. कापलेला माल रानाबाहेरच न्यायचा.

खारवट आणि चोपण यांत गल्लत नको. जमिनीचा ईसी ४ च्या वर ती खारवट. सामू (पीएच) ८.५ च्या वर, ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड, ती चोपण. तिथे माती परीक्षणानुसार जिप्सम आणि निचरा आधी, झाडं नंतर. आणि खार सोसणारं प्रत्येक झाड खार साठवतंच असं नाही. झाऊ पानांवाटे मीठ बाहेर टाकतो, ते पावसाने पुन्हा खालीच येतं.

मोजणीतही फसगत होते. मे महिन्यात क्षार वर चढलेले असतात, पावसाने खाली उतरतात. मेचा नमुना नोव्हेंबरशी ताडला तर काहीही न करता जमीन "सुधारलेली" दिसते. महिना, जागा, खोली तीच ठेवा.

सांडपाण्याच्या रानातली घोळ (खार ओढणारी रानभाजी) मात्र कितीही लुसलुशीत दिसली तरी भाजीला खुडू नका, गुरांनाही घालू नका. ती मिठासारखेच जड धातूही ओढते, आणि ते शिजवून जात नाहीत.