परसातील मत्स्यतळ्याची हिवाळ्यापूर्वीची तयारी

खान्देशात तळ्यावर बर्फ धरत नाही, परंतु डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पारा १० अंशांखाली उतरतो आणि उथळ तळ्याचे पाणी रातोरात गार पडते. म्हणून दिवाळी आटोपताच कामाला लागावे.

पाण्याची खोली किमान दीड मीटर ठेवावी, कारण थंडीत मासे तळाशी जाऊन बसतात. पातळी घटली असल्यास विहिरीचे पाणी सोडावे. पहाटे हात घातला तर ते कोमट लागते, हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. मात्र एकदम न भरता थोडे थोडे सोडावे.

खाद्याच्या बाबतीत बहुतेकांचा हात सैल असतो. रोहू, कटला, मृगळ यांची भूक पाणी २० अंशांखाली गेले की झपाट्याने मंदावते. तरीही भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा नेहमीच्याच मापाने टाकत राहिल्यास न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात. खाद्य दुपारी, ऊन तापल्यावर, निम्म्यानेच द्यावे आणि ढगाळ दिवशी बंद ठेवावे.

काठावर कडुनिंब असल्यास पाने पाण्यात पडू नयेत म्हणून वरून जाळी ताणावी. पाण्याचा सामू (पीएच) ७ पेक्षा कमी, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तरच गुंठ्याला सुमारे दोन किलो चुना पाण्यात कालवून, निवल्यावर शिंपडावा. अंगावर लाल चट्टे किंवा जखमा असलेला मासा दिसताच तो बाहेर काढावा.