निजामकाळातील गुरुजींचे चरित्र कसे लिहावे

मराठवाड्यातील पुष्कळ गावांत शाळेची पहिली पाटी ज्या गुरुजींनी लावली, त्यांचीच नावे पुढे तुरुंगाच्या नोंदींत, ग्रामपंचायतीच्या ठरावांत आणि पतपेढीच्या हिशेबांत सापडतात. अशा व्यक्तीचे चरित्र नातवंडे किंवा जुने विद्यार्थी लिहू लागतात, तेव्हा सत्याग्रह, पदे आणि सत्कार यांनी पानेच्या पाने भरतात आणि शाळेच्या वाट्याला ‘काही काळ शिक्षकी केली’ एवढे एकच वाक्य येते. लेखनाची सुरुवात याच्या उलट बाजूने करावी. निजामी अमलात उर्दू हीच राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा असताना मराठी शाळा चालवणे हेच मुळात सार्वजनिक काम होते, आणि ते बारकाईने मांडले की पुढचे राजकारण वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्वामी रामानंद तीर्थांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. 1903 साली जन्मलेले स्वामीजी, म्हणजे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, दिल्लीत कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि तेथून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद आणि 1952 व 1957 च्या लोकसभेतील खासदारकी हे सारे त्यानंतरचे आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांत आधी वर्गात भेटलेली माणसे किती होती, हे शाळेची बाजू वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. आपले गुरुजी एवढे प्रसिद्ध नसतील, पण प्रश्न तोच राहतो: वर्गात जमलेली माणसे पुढे कोठे गेली?

कामाची पहिली पायरी कालक्रमाची आहे, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. हैदराबाद संस्थानातील कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कालगणनेचे वर्ष, असतो आणि त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आजूर महिन्यापासून, चालू होते. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील नोंदीसाठी फसली सनात 590 आणि जानेवारीपासून पुढच्या नोंदीसाठी 591 मिळवावेत. ज्या पोलीस ॲक्शनने निजामी राजवट संपली, तिचे सप्टेंबर 1948 मधील दिवस 1357 फसलीचे आहेत. खुर्दाद, तीर, अमरदाद ही महिन्यांची नावे वाचून गोंधळू नये, एका कागदावर बारा महिन्यांचा तक्ता काढून भिंतीला लावावा. मी स्वतः आजोळच्या एका गुरुजींची माहिती जमवताना सरसकट 590 मिळवले आणि त्यांची नेमणूक, कागदोपत्री का होईना, शाळा सुरू होण्याच्या वर्षभर आधी करून टाकली. जन्मतारखेबाबतही सावध राहावे. दाखल्यावर 1 जून असेल, तर ती तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली असण्याचीच शक्यता अधिक असते.

त्यानंतर शब्दांचा अर्थ लावावा. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिकच्या खालची आणि फौकानिया म्हणजे हायस्कूलच्या दर्जाची शाळा, मुदर्रिस म्हणजे शिक्षक, सदर मुदर्रिस म्हणजे मुख्याध्यापक आणि तालीमात म्हणजे शिक्षण खाते. अव्वल तालुकदार हा तालुक्याचा अधिकारी नसून आजच्या भाषेत जिल्हाधिकारी होता, त्यामुळे ‘तालुकदारांनी शाळेला भेट दिली’ या नोंदीचे वजन आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पगाराचा आकडा दिसला तर तो हाली सिक्क्यात (निजामाच्या नाण्यात) आहे की कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानच्या) रुपयांत, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागद कोठे शोधावेत, याचे उत्तर गावागणिक बदलते. शाळेत सर्वप्रथम दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट आणि तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेबुक मागावे. माझ्या अनुभवात शेरेबुकाइतका प्रामाणिक कागद दुसरा नाही, कारण त्यात पटावर किती मुले आणि हजर किती, छप्पर गळते की नाही, मुलांना पाढे येतात की नाही, हे परक्या माणसाने त्याच दिवशी लिहिलेले असते. शेरा उर्दूत असल्यास गावातील किंवा जवळच्या तालुक्यातील उर्दू शाळेच्या निवृत्त शिक्षकांना विनंती करावी, आणि जमिनीचे वा घराचे कागद मोडीत असल्यास मोडीच्या जाणकारांकडून ते वाचून घ्यावेत. अंदाजाने वाचलेले एक अक्षर अख्खा वंश बदलून टाकते. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर गुरुजी सेवेत असतील, तर त्यांची सेवापुस्तिका आणि निवृत्तिवेतनाची फाईल यांची चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, वारसाच्या अर्जाने करावी.

जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आहेत, याचाही विसर पडू देऊ नये. लातूर 16 ऑगस्ट 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते, जालना जिल्हा 1981 चा आणि हिंगोली 1999 चा आहे, आणि जुन्या कागदांतील मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई होय. गाव जहागिरीत किंवा सर्फेखासमध्ये (निजामाच्या खासगी मुलखात) असेल, तर दिवाणी, म्हणजे थेट सरकारी अमलातील, मुलखाच्या दप्तरात ते मिळणार नाही. जहागिरी 1949 साली रद्द झाल्या, त्याआधीचा कारभार वेगळा होता. संस्थानचे मोठे दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारात आहे, पण तेथे जाण्याआधी गाव, तालुका आणि फसली सन हातात हवेत, नाहीतर प्रवासखर्चच तेवढा पदरी पडतो. किल्लारी परिसरातील गावांत 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात घरांबरोबर कागदही गाडले गेले. तेथे बाहेरगावी दिलेल्या लेकी-सुनांच्या ट्रंकांत जुनी पत्रे आणि फोटो मिळण्याची आशा ठेवावी.

म्हाताऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना साल विचारू नये. ‘रझाकारांच्या आधी की नंतर’, ‘बहात्तरच्या दुष्काळात तुमचे लग्न झाले होते का’ असे विचारावे, म्हणजे काळ आपोआप जुळतो. शाळा मारुतीच्या देवळात भरत असे, चावडीत की देशमुखांच्या वाड्याच्या ढेलजेत, पाटी-बोरू कोण देई, गुरुजींना धान्य कोणाकडून येई, हे विचारावे. एक प्रश्न मात्र संकोच वाटला तरी टाळू नये: दलित मुले आत बसत होती की बाहेर, आणि मुली किती होत्या? चावडीतली शाळा आणि देवळातली शाळा यांत हाच फरक असतो. औरंगाबादला 1950 साली बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात गावातून पहिला मुलगा कोणी पाठवला, याचे उत्तर पुष्कळदा गुरुजींबद्दल मानपत्रापेक्षा जास्त सांगते. उत्तर गैरसोयीचे निघाले तरी ते लिहावे.

सार्वजनिक कामाकडे वळताना दावे आणि पुरावे वेगळे ठेवावेत. स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी सत्याग्रह झाला. 1947-48 मध्ये उमरखेड, बार्शी अशा सरहद्दीवरील ठिकाणांहून कार्यकर्त्यांची शिबिरे चालली. त्या काळात गुरुजी नेमके कोठे होते, हे हजेरीपट आणि शेरेबुक यांवरून ताडून पाहावे. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाच्या अर्जातील मजकूर बहुधा अनेक वर्षांनी, आठवणीवरून आणि विशिष्ट हेतूने लिहिलेला असतो; तो उपयोगी आहे, पण एकट्याच्या बळावर त्यावर प्रकरण उभे करू नये. 1948 नंतरच्या कामासाठी ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक पाहावे. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही, म्हणून गुरुजी सरपंच झाले असे कोणी सांगितले, तर आधी राजीनाम्याची किंवा निवृत्तीची तारीख शोधावी.

लेखनात गुरुजींना प्रत्येक ठिकाणी ‘ध्येयवादी’ म्हणण्याचे कारण नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तर ते शाळेत कसे पोहोचत, हे एका वाक्यात लिहिले तरी ते विशेषण अनावश्यक होते. मजकूर तयार झाला की छपाईआधी त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यापुढे तो मोठ्याने वाचावा आणि चुका तेथल्या तेथे पेन्सिलीने टिपाव्यात. घरोघरून आणलेले मूळ कागद, त्यांचे फोटो काढून झाल्यावर, ज्याचे त्याला परत करावेत आणि परत केल्याची तारीख वहीत लिहून त्यापुढे घेणाऱ्याची सही घ्यावी.