कडधान्याला स्फुरद द्या, पण बियाखाली

कडधान्य स्वतःचं नत्र स्वतः बनवतं, मग त्याला खत कशाला, असं मला दर हंगामात कुणीतरी विचारतंच. नत्र बनवायलाच स्फुरद (फॉस्फरस) लागतं. हवेतल्या नत्राच्या एका रेणूचा अमोनिया करताना मुळांवरच्या गाठीत एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, निदान 16 रेणू खर्ची पडतात आणि स्फुरदाशिवाय एटीपी तयार होत नाही. म्हणून स्फुरद कमी पडलेलं पीक बरेचदा खुरटं आणि फिकट दिसतं. ते पाहून लोक युरिया टाकतात, आणि गाठी आणखीच कमी धरतात. याचं मला फार वाईट वाटतं.

माती परीक्षण आधी करा. विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला ऑल्सेन पद्धत, आम्ल जमिनीला ब्रे. अहवालात पद्धत कोणती लिहिलीय ते बघा, दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिफारस साधारण हेक्टरी 40 ते 60 किलो स्फुरदाची असते. 50 किलो धरलं तर सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे 312 किलो लागेल, डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) 109 किलो. डीएपीतून 20 किलोच्या आसपास नत्रही जातं, सुरुवातीला तेवढं पुरतं. माझा कौल मात्र सिंगल सुपरला, कारण त्यातलं गंधक डाळीतल्या प्रथिनांच्या कामी येतं. रॉक फॉस्फेट आम्ल जमिनीतच लागू पडतं.

आता खरी गोष्ट, खत पडतं कुठे. स्फुरद मातीत जवळपास जागचं हलत नाही, मुळाकडे जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. फोकून दिलेलं खत वरच्या थरात राहतं, आणि सगळ्यात आधी सुकतो तोच थर. शिवाय ते जितकं जास्त मातीत मिसळेल तितकं चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम आणि आम्ल जमिनीत लोह, ॲल्युमिनियम त्याला बांधून टाकतात. म्हणून पेरतानाच, बियाच्या 5 सेंमी खाली आणि 5 सेंमी बाजूला, पट्ट्यात द्या. डीएपी बियाला चिकटू देऊ नका, अमोनियाने कोंब जळतो.

पिकाची स्वतःची धडपडही कमी नसते. हरभऱ्याची मुळं सायट्रिक आणि मॅलिक आम्ल सोडतात, तुरीची पिसिडिक आम्ल सोडून लोहाने धरलेलं स्फुरद सोडवतात. मुळांशी जोडलेल्या मायकोरायझा बुरशीचे धागे मूळ पोचत नाही तिथून स्फुरद आणून देतात. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम (गाठी धरवणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू). बी सावलीत सुकवा, लगेच पेरा.

स्फुरदाचा मारा केला तर जस्ताची कमतरता दिसते. झिंक सल्फेट वेगळं द्या, या खतांत मिसळू नका.

फुलोऱ्याच्या सुमारास वाफसा असताना एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर लेगहिमोग्लोबिन हे गाठीतलं लाल प्रथिन आहे, गाठ कामाला लागलीय. आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर आणखी चार-पाच झाडं तपासा. तेव्हा 2 टक्के डीएपीची फवारणी थोडा हातभार लावते, पण पेरणीला चुकलेला हप्ता तिने भरून निघत नाही.